फोनॉनची कोंडी

अर्धवाहकाच्या मोठ्या स्फटिकात प्रकाशाने उत्तेजित झालेला इलेक्ट्रॉन जास्तीची ऊर्जा फार काळ बाळगत नाही. स्फटिकाच्या कंपनांना, म्हणजे फोनॉनना, ती थोडी थोडी देत तो साधारण पिकोसेकंदात वहनपट्ट्याच्या तळाशी येतो. पातळ्या एकमेकींना लागूनच असल्याने प्रत्येक फोनॉन सोडल्यावर त्याला खालची जागा मिळतेच.

काही नॅनोमीटरच्या कणात, म्हणजे क्वांटम डॉटमध्ये, ही सोय उरत नाही. असे कण अलेक्सी एकिमोव यांनी 1981 साली लेनिनग्राडमध्ये काचेत आणि लुई ब्रुस यांनी 1983 साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत द्रवात दाखवले. कण जितका लहान, तितक्या पातळ्या एकमेकींपासून दूर. कॅडमियम सेलेनाइडच्या कणात इलेक्ट्रॉनच्या तळाच्या दोन पातळ्यांत दोनशे-तीनशे मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर पडते; तिथला सर्वांत मोठा फोनॉन मात्र जेमतेम 26 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. दहा-दहा फोनॉन एकाच वेळी सुटणे जवळजवळ अशक्य.

बोकेलमान आणि बास्टार यांनी 1990 मध्ये हे गणित मांडले. पुढच्याच वर्षी बेनिस्टी, सोतोमायोर-टोरेस आणि वाइसबुश यांनी त्यातून निराशाजनक निष्कर्ष काढला: इलेक्ट्रॉन वरच अडकेल आणि क्वांटम डॉटचा उजेड मुळातच मंद राहील. याला ‘फोनॉन बॉटलनेक’, म्हणजे फोनॉनची कोंडी, म्हणू लागले. अराकावा आणि साकाकी यांनी 1982 मध्ये सुचवलेल्या डॉटच्या लेसरवरच यामुळे प्रश्नचिन्ह लागत होते.

प्रत्यक्षात मात्र डॉट चांगले उजळत होते. इनोशिता आणि साकाकी यांनी 1992 मध्ये दोन फोनॉन एकत्र सुटण्याची वाट सुचवली, पण पातळ्यांतले अंतर त्या दोन फोनॉनच्या बेरजेशी जुळले तरच ती खुली होते. खरी उकल 1995 मध्ये एफ्रोस, खार्चेन्को आणि रोझेन यांच्या सिद्धांतात आली. इलेक्ट्रॉनने मागे सोडलेला होल जड असतो, म्हणून त्याच्या पातळ्या दाट असतात. इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा फोनॉनना न देता विद्युत आकर्षणाच्या जोरावर थेट होलला देतो. मग होल ती फोनॉनच्या रूपात सहज सोडतो. 1998 मध्ये लॉस अलामॉस येथे क्लिमोव आणि मॅकब्रॅन्च यांनी मोजले, तेव्हा इलेक्ट्रॉन पिकोसेकंदाच्या आत खाली येत होता. कण लहान, तसा वेग उलट वाढत होता. कोंडीच्या भाकिताला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

तरीही मूळचे गणित चुकीचे नव्हते. फक्त होलची पळवाट त्यात धरलेली नव्हती. ही पळवाट बंद केली तर काय होईल, याचा शिकागोत गियो-सियोनेस्त यांच्या गटाने चिकाटीने पाठपुरावा केला. 1999 मध्ये त्यांनी कणांच्या पृष्ठभागावर होल पकडून ठेवणारे पायरिडिन लावले. जलद उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वाटा घटला आणि सुमारे 200 पिकोसेकंद घेणाऱ्यांचा वाढला. पण आणखी एक गळती होती: कणाला वेढणाऱ्या सेंद्रिय रेणूंची कंपनेही ऊर्जा शोषत होती. 2008 मध्ये अंशू पांडे आणि गियो-सियोनेस्त यांनी गाभ्याभोवती वेगवेगळ्या अर्धवाहकांची अनेक कवचे चढवून इलेक्ट्रॉनला होलपासून आणि त्या रेणूंपासूनही दूर ठेवले. असा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर एका नॅनोसेकंदाहून अधिक काळ टिकला.