फौजेतला मौलवी: मदरशातून रेजिमेंटपर्यंतचा प्रवास नेमका कसा होतो?

नवी मुंबईत तळोजा किंवा नेरूळच्या मशिदीत मुलांना कुराण शिकवणाऱ्या तरुण मौलानाला भारतीय लष्करात नोकरी मिळू शकते का? मिळू शकते, आणि तीही मौलवी म्हणूनच. लष्करात ‘रिलिजियस टीचर’, म्हणजे धर्मगुरू, हे रीतसर पद आहे. पंडित, ग्रंथी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू यांच्याप्रमाणेच मौलवींचीही त्यावर भरती होते. निवड झालेला उमेदवार थेट नायब सुभेदार, म्हणजे ‘जेसीओ’ होतो. शिपाई म्हणून भरती झालेल्या जवानाला याच हुद्द्यावर पोहोचायला बरीच वर्षं लागतात.

प्रवासाची सुरुवात मदरशात होते. भारतातले बहुतेक मोठे मदरसे ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम शिकवतात. १८ व्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमधले मुल्ला निजामुद्दीन यांनी तो आखला. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, फिकह म्हणजे इस्लामी कायदा, कुराणावरची भाष्यं आणि शेवटच्या टप्प्यात हदीसचे सहा प्रमुख ग्रंथ, असा त्याचा साधारण क्रम. सगळं पार पडायला आठेक वर्षं जातात आणि विद्यार्थी ‘आलिम’ होतो. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा इथली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही अशा संस्थांमधली सर्वांत मोठ्यांपैकी एक. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी ती १९७९ मध्ये सुरू केली आणि धार्मिक शिक्षणाला आधुनिक शिक्षणाची जोड दिली.

ही जोड का महत्त्वाची, ते लष्कराच्या अटी पाहिल्या की कळतं. मौलवी पदासाठी अरबीतली ‘मौलवी आलिम’ किंवा उर्दूतली ‘अदीब आलिम’ ही पात्रता लागते, पण तेवढ्यावर भागत नाही. कोणत्याही शाखेची पदवीसुद्धा लागते. नुसती मदरशाची सनद घेऊन आलेला, कितीही विद्वान असला तरी, दारातूनच परत जातो. २०२२ च्या जाहिरातीत किमान वयाची अट २५ होती आणि पद फक्त पुरुषांसाठी होतं. तेव्हा आधी १६०० मीटर धावणं ८ मिनिटांत पूर्ण करायचं होतं, मग लेखी परीक्षा. तिचा एक पेपर सामान्य ज्ञानाचा, दुसरा स्वतःच्या धर्माचा. त्यानंतर मुलाखत.

मग हा मौलवी करतो काय? नमाज पढवणं, ईदचा खुतबा देणं हे आलंच. पण लष्कराने जाहीर केलेली कामांची यादी वाचली की बहुतेकांना आश्चर्य वाटतं. अंत्यविधीला हजर राहणं, इस्पितळातल्या आजारी सैनिकांना धीर देणं, बरे होत असलेल्यांसोबत प्रार्थना करणं, शिक्षा भोगणाऱ्या सैनिकांना जाऊन भेटणं, सैनिकांच्या मुलांना धर्माचं शिक्षण देणं. मदरशात आठ वर्षं ग्रंथ शिकलेल्या माणसाला इथे आधी माणसाचं ऐकून घ्यायला शिकावं लागतं. हा पालट सोपा नसतो. फिकहचा विद्यार्थी ‘हे जायज की नाजायज’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला तयार झालेला असतो. घरच्या भांडणाने झोप उडालेला जवान मात्र फतवा मागायला आलेला नसतो.

या पालटाचं प्रशिक्षण महाराष्ट्रातच होतं. पुण्यात लष्कराची ‘इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशन’ ही संस्था आहे. सर्व धर्मांचे धर्मगुरू तिथे एकत्र शिकतात, एकमेकांच्या धर्मांची ओळख करून घेतात. मानसिक ताण ओळखणं आणि समुपदेशन यांचंही प्रशिक्षण त्यांना दिलं जातं.

पुढे युनिटमध्ये याचा रोज कस लागतो. अनेक ठाण्यांवर ‘सर्व धर्म स्थल’ असतं. एकाच छपराखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च. प्रशिक्षण संपल्यावर कसम परेडमध्ये जवान आपापल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने शपथ घेतात, तेव्हा मौलवी कुराण घेऊन उभा असतो आणि शेजारी गीता घेतलेले पंडितजी. पलटणीला नवं निशाण मिळतं तेव्हा चारही धर्मगुरू मिळून प्रार्थना करतात. ज्या युनिटमध्ये मुस्लिम जवान बरेच असतात तिथे मौलवीची गरज उघडच जास्त. १९६५ च्या युद्धातले परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद ज्या ग्रेनेडियर्समध्ये होते, ती अशीच एक रेजिमेंट.

स्वतःची श्रद्धा आणि युनिटची एकी यांत ताण आला तर काय होतं? उदाहरण अगदी अलीकडचं आहे आणि ते मौलवीचं नव्हे. शीख जवानांचं नेतृत्व करणाऱ्या एका ख्रिश्चन लेफ्टनंटने धार्मिक परेडच्या वेळी गाभाऱ्यात जायला नकार दिला. त्याचं म्हणणं होतं, बाहेर अंगणात उभा राहीन, पण माझी श्रद्धा आत जाऊ देत नाही. २०२१ मध्ये त्याला बडतर्फ केलं गेलं. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. निकालावर मतं दोन्ही बाजूंनी आली. धर्मगुरूंसाठी मात्र त्यातला संदेश स्पष्ट आहे. जवानाच्या श्रद्धेला लष्कर जागा देतं, पण आधी शिस्त बघतं.

इतर देशांशी तुलना केली की एक गंमत दिसते. अमेरिकी लष्करात पहिला मुस्लिम चॅप्लिन १९९३ मध्ये नेमला गेला, ब्रिटिश सैन्यदलांत २००५ मध्ये. त्याच ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी पलटणींमध्ये मौलवी पहिल्या महायुद्धाच्या काळातही होते. फरक हुद्द्याचा आहे. तिकडे चॅप्लिन हा कमिशन मिळालेला अधिकारी असतो, आपल्याकडे धर्मगुरू जेसीओ असतो. म्हणजे तो अधिकाऱ्यांपेक्षा जवानांच्या जास्त जवळ राहतो, आणि या कामासाठी ते बहुधा बरंच आहे.

आता तळोज्याच्या त्या मौलानाने अर्ज करण्याआधी एक आकडा पाहून ठेवावा. २०२२ मध्ये धर्मगुरूंच्या एकूण १२८ जागा निघाल्या. त्यांत १०८ पंडितांच्या आणि आणखी ५ गोरखा पलटणींच्या पंडितांच्या होत्या. सुन्नी मौलवींसाठी अख्ख्या देशात ३ जागा होत्या, शिया मौलवीसाठी १.