कवड्या की मण्यार? घरातल्या सापाच्या ओळखीचा इतिहास

सोमाटण्यात पावसाळा सुरू झाला की एक प्रसंग ठरलेला असतो. रात्री भिंतीवर किंवा दाराच्या फटीत हातभर लांबीचा, तपकिरी अंगावर पांढरट पट्टे असलेला साप दिसतो. कुणीतरी ओरडतं, "मण्यार!" आणि काठी येते. सकाळी जाणकार माणूस मेलेला साप बघतो आणि म्हणतो, "अरे, हा तर कवड्या. पाली खायला आला होता बिचारा."

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठी हा प्रसंग घेतलाय, कारण त्यात एक पक्का संशोधन-प्रश्न आहे: "बिनविषारी" हे आपण ओळखतो कसं, आणि ही ओळख कुणी, कशासाठी तयार केली?

आधी ओळखच बघू. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचं उलटं. डोक्यामागे काही अंतर पट्टे नसतात किंवा अगदी अस्पष्ट असतात, आणि शेपटीकडे ते स्पष्ट होतात, बऱ्याचदा जोडीजोडीने. कवड्या भिंतीवर सहज चढतो. दुसरी जोडी डुरक्या घोणस आणि घोणस यांची. डुरक्या जाड, त्याचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या रांगा असतात, आणि तिचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. तिसरी जोडी धामण आणि नाग. धामणीला फणा नाही, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. पवनेच्या काठच्या भातखाचरात दिसणारी दिवड आणि कुंडीतल्या मातीत सापडणारा गांडुळासारखा वाळा हेही बिनविषारीच.

आता इतिहास. पॅट्रिक रसेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर विशाखापट्टणमला होता. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा त्याचा चित्रमय ग्रंथ १७९६ मध्ये आला. त्याचा प्रश्न डॉक्टरचा होता: कुठला साप चावला की माणूस मरतो? त्यासाठी त्याने कुत्री, कोंबड्या यांच्यावर प्रयोग केले, आणि सापांसोबत स्थानिक तेलुगू नावंही नोंदवली. घोणशीच्या शास्त्रीय नावात आज रसेल आहे. त्याला ती नावं सांगणारी माणसं मात्र कुठेच नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या विषयातही अशी माणसं सापडतील.

पुढचा टप्पा सरकारचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकार विषारी साप मारण्यासाठी बक्षीस देत असे. रत्नागिरी जिल्ह्यात डिसेंबर १८६२ मध्ये फुरशांवर बक्षीस लावलं, तेव्हा आठवडा-दीड आठवड्यात लाखाहून जास्त साप मारून आणल्याची नोंद झाली. आकडा वाचून आपण लगेच लिहून टाकतो, "कोकणात फुरसं प्रचंड होतं." ते होतंच. पण जरा थांबा. बक्षीस शेपटीमागे मिळतंय, मोजणारा कारकून आहे, प्राणिशास्त्रज्ञ नाही. लहान मांजऱ्या साप दिसायला फुरशासारखाच असतो. मग त्या ढिगात फुरसं नसलेले साप किती गेले असतील? तो आकडा सापांची गणती नाही, ती दिलेल्या पैशांची गणती आहे. दफ्तरातली कुठलीही संख्या वाचताना पहिला प्रश्न हाच: हे मोजलं कुणी, आणि मोजण्यातून कुणाला काय मिळत होतं?

तिसरा टप्पा फ्रँक वॉलचा. हा लष्करी डॉक्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय सापांवर लेखमाला लिहीत होता. त्याने विषारी साप ओळखायची पद्धत खवल्यांवर बसवली. पाठीच्या मधली खवल्यांची मोठी रांग ही मण्यारची एक खूण. वरच्या ओठाचं तिसरं खवलं डोळ्याला आणि नाकपुडीला दोन्हीकडे टेकलं असेल तर नागाच्या कुळातला. पद्धत अचूक आहे, आजही वापरतात. फक्त एक अडचण आहे: ओठाचं तिसरं खवलं बघायचं तर साप हातात हवा, आणि तो मेलेला हवा. म्हणजे "तू निरुपद्रवी होतास" हे सापाला मेल्यावर सांगायचं.

चौथा टप्पा आपल्या जवळचा. परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावर आणि प्रतिविषावर काम झालं. तिथल्याच डॉ. पी. जे. देवरस यांचं सापांवरचं पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढलं, सामान्य वाचकासाठी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, आणि गावोगाव "सर्पमित्र" हा शब्द रुळला. इथे ओळखीचा हेतूच बदलला. साप जिवंत आहे, चार हातांवर आहे, आणि तो वाचवायचा आहे. म्हणून खवल्यांऐवजी पट्टे, चाल, फुत्कार, जागा यावरून ओळखणं आलं. वर मी दिलेल्या खुणा याच परंपरेतल्या.

म्हणजे बघा, साप तेच राहिले. डॉक्टर, कारकून, संग्राहक, सर्पमित्र असे विचारणारे बदलले, आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार "ओळख" बदलली. वर्गीकरणाचा इतिहास लिहायचा तर वर्गांपासून सुरू करू नका. ते कुणाच्या कामासाठी केले, तिथून सुरू करा.

एक गोष्ट मात्र इतिहासाबाहेरची. खुणा पाठ झाल्या म्हणून साप हातात घेऊ नका. काही मण्यारींना पट्टेच नसतात, आणि डुरक्या समजून घोणस उचलणं जिवावर बेततं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणून "काही झालं नाही" असं म्हणत सकाळची वाट बघू नका. दंश झाला तर साप शोधत, मारत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं. साप नुसता दिसला तर लांब उभे राहा, नजर ठेवा, सर्पमित्राला फोन करा.

आणि भिंतीवरच्या त्या पट्टेवाल्याला काठी मारण्याआधी एकदा, लांबूनच, बघा: पट्टे कुठून सुरू होतायत?