रोमन मुलखातील गावदेवळे आणि जमीनदार

देवळाचा जीर्णोद्धार ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी इटलीतील प्लिनी या बड्या जमीनदाराने मुस्तियस नावाच्या स्थापत्यकाराला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. प्लिनीच्या जमिनीत धान्यदेवता सेरेसचे जुने, अरुंद देऊळ होते. दरवर्षी १३ सप्टेंबरला तेथे पंचक्रोशीतील लोकांची जत्रा भरे, नवस बोलले आणि फेडले जात. पण ऊनपावसात उभे राहायला आडोसा नव्हता. सबब देऊळ मोठे करावे, संगमरवरी चार खांब घ्यावेत, भाविकांसाठी ओसरी काढावी, असे तो कळवतो. देवीची लाकडी मूर्ती काही ठिकाणी भंगली होती, तीही नवी हवी होती. जमीन त्याची, पैसाही त्याचाच.

साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, इ. स. ४३ पासून रोमनांनी जिंकलेल्या ब्रिटनमध्ये, असे पत्र सापडलेले नाही. तेथे उत्खननावरच भिस्त ठेवावी लागते. आजच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात चौथ्या शतकात जमीनदारांचे मोठमोठे वाडे होते. वुडचेस्टरच्या एकाच वाड्यात साठाहून अधिक खोल्या होत्या! तेव्हा आसपासच्या डोंगरांवरील दगडी देवळांमागेही याच धनिकांची थैली असावी, असा तर्क साहजिकच होतो. तो चुकीचा म्हणता येत नाही, पण पुरताही पडत नाही.

सेव्हर्न नदीकाठच्या लिडनी येथे नोडेन्स देवाचे देऊळ होते. १९२८–२९ मध्ये ते उकरले मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या दांपत्याने. (हेच मॉर्टिमर व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते.) देवळाजवळ स्नानगृह होते, यात्रेकरूंसाठी धर्मशाळाही होती. गाभाऱ्याखालच्या खडकातील भेगेमुळे बांधकाम खचले, तेव्हा तेथे भक्कम भिंती घालून दुरुस्ती झाली. गाभाऱ्यातील रंगीत खड्यांच्या फरशीवर सेनिलिस नावाच्या अधिकाऱ्याचा लेख होता. नाव त्याचे, पण खर्च भाविकांनी वाहिलेल्या पैशांतून केला, हे त्याच लेखात स्पष्ट नमूद होते. आपल्या देणगीदारांच्या फलकावर शेवटी ‘व समस्त भाविक’ असे एका ओळीत येते ना, ते भाविक येथे नाण्यांच्या रूपाने भेटतात. लिडनीला अशी हजारो नाणी सापडली.

वुडचेस्टरपासून काही मैलांवर यूली येथे मर्क्युरी देवाचे देऊळ होते. जागा रोमनांच्या आधीपासूनच पवित्र मानलेली. १९७७–७९ च्या उत्खननात तेथे शिशाचे सुमारे १४० लेखपत्रे मिळाले. कोकणात देवाला गाऱ्हाणे घालतात, तशीच ही गाऱ्हाणी. होनोरातुस सांगतो की दोन चाके, चार गाई आणि घरातले बरेच किडूकमिडूक गेले. सेनाकुसचे ओढीचे जनावर चोरीला गेले. त्याने संशयित बापलेकांची नावेच दिली आहेत, आणि जनावर परत करीपर्यंत त्यांना आरोग्य लाभू नये अशी मागणी केली आहे. सातुर्निना बाईचे तागाचे कापड हरवले. या सामान्य माणसांची नावे आपल्याला कळतात ती देवळामुळेच. त्यांच्या धन्यांच्या वाड्यांतून ती कळली नसती.

पुढे ख्रिस्ती धर्माचे राज्य आले आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस यूलीचे देऊळ पाडले गेले. मर्क्युरीच्या मूर्तीचे दगडी मस्तक मात्र कोणीतरी जपून पुरून ठेवले. ते आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.