घाटातले सेकंद

जुन्नर-आंबेगावात वेगाचं वेड मोटारसायकलीने आणलं, हे मला पटत नाही. इंजिनाच्या कितीतरी आधीपासून इथल्या यात्रांत बैलगाडे धावतात. मोटारसायकल आज त्या शर्यतींच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, बक्षीस म्हणून उभी असते. इथल्या गाड्यावर हाकणारा नसतो. चढावर चार बैल सुटतात, पुढे घोडीवरचा स्वार दौडतो, भंडारा उधळतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. वर्षभराचा खुराक आणि गावाची वर्गणी त्या एका बारीत पणाला लागते.

इंजिनाला वेदना नसते, बैलाला असते, हा आक्षेप खरा आहे. त्याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. काठी, चाबूक, विजेचा झटका यांवरची बंदी मला जाच वाटत नाही. ती मोडणाऱ्याला घाटातून कायमचं बाहेर काढावं. पण नांगर ट्रॅक्टरने ओढायला लागल्यावर खिल्लार खोंड पोसायला शेतकऱ्याकडे शर्यतीइतकं ठोस कारण दुसरं कोणतं उरलं, याचं उत्तर सरसकट बंदी मागणाऱ्यांनी द्यायला हवं.