बिंबा ते भानुमती : ज्योत्स्ना भोळे आणि संहितेपलीकडचे नाटक

'आंधळ्यांची शाळा'ची चर्चा आपल्याकडे बहुधा आधाराच्या अंगाने होते. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसनच्या 'गाँटलेट'चे (१८८३) रूपांतर केले, 'नाट्यमन्वंतर'ने १ जुलै १९३३ रोजी ते मुंबईत सादर केले आणि वास्तववाद मराठीत अवतरला, असा हा क्रम. या मांडणीत नटी कोठेच नसते. संहिता म्हणजेच नाटक मानणाऱ्या समीक्षेचा हा जुना दोष आहे.

विवाहपूर्व शुचितेची अट केवळ वधूलाच का, हा मूळ नाटकाचा प्रश्न. मराठीत तो बिंबाच्या मुखातून आला आणि ही बिंबा होत्या एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्ना भोळे. पूर्वाश्रमीच्या दुर्गा केळेकर. पोर्तुगीज अमलातील गोव्यात, बांदिवडे येथे ११ मे १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईत थोरल्या बहिणीकडे राहून त्या गाणे शिकल्या. १९३२ मध्ये केशवराव भोळे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बालगंधर्व तेव्हा अजून स्त्रीभूमिका करीत होते. हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया रंगमंचावर आल्या होत्या खऱ्या. पण तेथे ओढ मुख्यतः गाण्याची होती. बिंबाचा प्रश्न स्त्रीपार्टी नटाने विचारला असता, तर प्रेक्षकाने त्याच्या लालित्याला दाद दिली असती (दाद घेण्यात ही मंडळी वाकबगारच!), त्यातला आरोप मात्र कोणालाही लागला नसता. एका विवाहित तरुणीने तो उच्चारताच नाटकाचा अर्थ बदलला. केशवरावांनी पदांची आतषबाजी टाळून भावगीताच्या वळणाची मोजकी गाणी दिली, त्यामुळे गाणेही पात्राचे झाले.

'नाट्यनिकेतन'ची 'कुलवधू' (१९४२) अधिक गुंतागुंतीची आहे. मो. ग. रांगणेकरांची भानुमती स्वतःच अभिनेत्री. तिचे यश नवऱ्याला सलते. ती घर सोडते, पण इब्सेनच्या नोरासारखी अज्ञातात जात नाही, सासरी जाते. रांगणेकरांनी बंडाला कुळाची चौकट घातली, असे माझे मत आहे. मात्र भूमिका करणारी स्त्री स्वतः संसार सांभाळून रंगभूमीवर उभी होती. शीर्षक ज्याला शरणागती म्हणते, ते तिचे उदाहरण खोडून काढीत होते. मास्तर कृष्णरावांच्या चालींनी ही विसंगती प्रेक्षकांना जाणवू दिली नाही. समीक्षकांनी तरी ती हेरायला हवी होती.

पुढे ज्योत्स्नाबाईंनी 'आराधना' हे नाटक स्वतः लिहिले. ५ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. नाट्यवाङ्मयाच्या इतिहासांत त्या बहुधा 'गायिका-अभिनेत्री' एवढ्या दोन शब्दांत भेटतात.