पूर्व-पश्चिम: ऐंशी वर्षांचं अंतर

मी घाटकोपरला राहतो, नोकरी अंधेरीला. मेट्रोने वीसेक मिनिटांत पोहोचतो. ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली, आणि 'अंधेरी पहिल्यांदाच पूर्वेला रेल्वेने जोडली गेली' असं माझ्यासह अनेकांना वाटलं. पण १९२८ साली ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारी सुमारे १३ किलोमीटरची गाडी सुरू झाली होती. १९३४ मध्ये ती बंद पडली. मग पुढची ऐंशी वर्षं अंधेरीहून पूर्वेला जायचं तर बस, रिक्षा नाहीतर दादरचा वळसा!

असं का? कारण आपल्या लोकलचे रूळ मुळात आपल्यासाठी टाकलेच नव्हते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीला पुढे घाट चढून दख्खनचा कापूस गाठायचा होता. पश्चिमेकडच्या मार्गाचं लक्ष गुजरातवर होतं. दोन्ही रूळ उत्तरेकडे गेले आणि मधला साष्टीचा डोंगराळ भाग तसाच राहिला.

त्याआधी तर साष्टी हे वेगळं बेटच होतं. माहीम आणि वांद्र्यामधली खाडी होडीने ओलांडावी लागे. अवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, तेव्हा १८४५ मध्ये तिथे रस्ता झाला. पुढे १८९६ च्या प्लेगने घाबरलेली माणसं मोकळ्या हवेसाठी उत्तरेकडे सरकली. १९२० मध्ये उपनगर जिल्हा वेगळा झाला, आणि १९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंतचा पट्टा महापालिकेत आला.

या गोष्टीत उपनगरांची सुरुवात रेल्वेपासून होते. मला खटकतं ते हेच. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांमध्ये कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, म्हणजे व्यापारी वाटा इथे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच होत्या. मंडपेश्वरच्या शैव लेण्यांवर पोर्तुगीजांनी मठ बांधला, त्याचे अवशेष आजही उभे आहेत. कोळी, आगरी, ईस्ट इंडियन आणि वारली लोक भातशेती, मिठागरं, खाडी आणि जंगल यांवर जगत होते. फोर्टातून बघणाऱ्याला हा शहराचा उत्तरेकडचा मोकळा काठ वाटला. इथल्यांसाठी मात्र ते गाव होतं.

ही नजर अजून गेलेली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली. आरेत आदिवासी पाडे आहेत, तरी वादात 'मोकळी जागा' हा शब्द सर्रास वापरला गेला.

मेट्रो मला हवीच आहे, रोज लागते. पण नवा मार्ग आखताना नकाशावर जे कोरं दिसतं, तिथे आधी कोण राहतं हे विचारायला काय हरकत आहे? मरोळचं गावठाण मेट्रो स्टेशनपासून फार लांब नाही. एखाद्या रविवारी उतरून चालत जा.