चंद्रभागेचा पैलतीर, पंढरपूर (जि. सोलापूर)

सोलापूर शहरातून मोठी नदी वाहत नाही. जिल्ह्यात नदी आणि नगर एकमेकांना भिडतात ते पंढरपुरात. येथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. उजव्या तीरावर विठ्ठल मंदिर, घाट आणि दाट वस्तीचे जुने गाव आहे. पैलतीरी वारकऱ्यांच्या तंबूंचा ‘६५ एकर’ परिसर आणि इस्कॉनचे मंदिर. पलीकडे जाण्यासाठी कोळी बांधवांच्या होड्या, सखल जुना दगडी पूल आणि उंच नवा पूल आहे. उन्हाळ्यात वाळवंट उघडे पडते. पावसाळ्यात उजनी धरणाचा विसर्ग आणि नीरेवरील वीर धरणाचे पाणी एकदम आले की दगडी पूल बुडतो, होड्या बंद होतात आणि पात्रातल्या पुंडलिकाच्या मंदिराला पाण्याचा वेढा पडतो.

पुराच्या वर राहणारा रोपवे हा अशा ठिकाणी सहज सुचणारा उपाय. महाराष्ट्राला तो १९९६पासून रायगडावर परिचित आहे. नदीवरचा ठळक भारतीय दाखला गुवाहाटीचा. तेथे २०२० साली सुरू झालेला सुमारे १.८ किलोमीटरचा रोपवे ब्रह्मपुत्रा ओलांडतो. त्याच्या दोन डब्यांत प्रत्येकी तीस प्रवासी मावतात आणि एका खेपेला सुमारे आठ मिनिटे लागतात. डबे क्षणभरही न थांबता फिरले, तरी एका बाजूने तासाला सव्वादोनशे माणसे, अहोरात्र साडेपाच हजारांच्या आत. रोजच्या, बेताच्या वर्दळीला एवढे पुरते. आषाढीला मात्र दोन-तीन दिवसांत लाखो वारकरी येतात, आणि ही वाहतूक त्यांच्यापुढे नगण्य ठरते. यावर आक्षेप घेता येईल, की बोलिव्हियातील ला पाझ येथे २०१४पासून एकामागून एक सुटणाऱ्या डब्यांचे मार्ग तासाला एका दिशेने तीन हजार माणसे नेतात. आक्षेप खरा आहे. पण त्या शहराला एवढी गर्दी रोज असते, पंढरपूरला ती वर्षातून चार मोठ्या यात्रांना. शिवाय पूररेषेवर स्थानक उभारायचे तर घाटालगतचे जुने वाडे पाडावे लागतील. वृद्धांना आणि अपंगांना छोट्या रोपवेचा वर्षभर उपयोग होईल, हे मान्य करायला हवे. पण ती वेगळी गरज आहे आणि तिचा हिशेब वेगळा मांडावा. वारीसाठी पुरातही उघडा राहील असा उंच, रुंद पादचारी पूल आधी हवा, आणि होडीतल्या प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट.